कमावते साप

बुऱ्हाणपुरात खोली दाखवताना काकूंनी भाड्याचा विषयच काढला नाही. ओट्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "पोरी, तुले उंदराची घिन येते का?"

मी म्हटलं, येते.

"मंग जमलं. ज्याले उंदराची घिन येते, त्याले साप आवडाले पाहिजे. सीधा हिसाब हाय."

मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. पण शनवारा मोहल्ल्यात अशी दोन खिडक्यांची खोली दुसरीकडे मिळणार नव्हती, आणि माझी मराठी शाळा तिथून पायी जाण्याच्या अंतरावर होती. सामान टाकलं. संध्याकाळी चहाला खाली गेले तेव्हा काकू बाजेवर बसून भाजी निवडत होत्या आणि त्यांच्या मनगटाभोवती तपकिरी-काळ्या नक्षीचा एक साप कडं घातल्यासारखा बसला होता. मी किंचाळले. साप घाबरला आणि गोळा होऊन त्यांच्या मांडीत पडला. काकू माझ्यावरच रागावल्या. "आता हा आठ दिवस जेवनार नही. तुह्या घरी पाहुना आला की तू अशीच बोंबलतेस का?"

त्या सापाचं नाव जावई. मादीचं नाव थोरली. दोघंही बॉल पायथन जातीचे, म्हणजे आफ्रिकेतले अजगर, पण अजगरांच्या खानदानातले अगदी गरीब नातेवाईक: अडीच-तीन हात लांब, विष नाही, भांडण नाही, भीती वाटली की स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवायचं. काकूंच्या पुतण्यानं पुण्यात शिकताना ते रीतसर नोंदणी करून पाळले होते. परदेशी जाताना "एक महिना सांभाळ काकू" म्हणून ठेवून गेला. तो महिना काही संपला नाही. पुढे सरकारी पोर्टलवर दोघंही काकूंच्या नावावर झाले. त्या दिवशी, म्हणे, काकूंनी दोघांना हातात घेऊन सांगितलं होतं, "आता तुमी माह्ये. पन फुकट नही."

"फुकट नही" हे काकूंचं सगळ्यात आवडतं वाक्य. त्याला कारणही होतं. काका गेल्यावर त्या एकट्या, मूलबाळ नाही, आणि घर सामाईक. खालच्या मजल्यावर कापडाचं दुकान, त्याच्या गादीवर त्यांचे थोरले दीर. मी त्यांना मोठे काका म्हणत असे. सगळ्या घराचा खर्च त्या गादीवरून चाले. मोठे काका माणूस वाईट नव्हते, पण खर्चाच्या बाबतीत त्यांचा हात आखडता असे. साप घरात आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "घरातला एक रुपया या जनावरांवर जानार नही." त्यांना वाटलं असेल, चार महिन्यांत बाई कंटाळतील. काकूंनी ते वाक्य असं काही धरलं की दिरांनाच पुढे त्याचा जाच होऊ लागला.

सापांना उंदीर लागतात. उंदीर विकत घेऊन परवडत नाही, म्हणून काकूंनी गच्चीवरच्या खोलीत पांढरे उंदीर वाढवायला घेतले. उंदरांना धान्य लागतं. मोठ्या जाऊबाई, म्हणजे मोठ्या काकांच्या पत्नी, फार मायाळू. त्या रोज उरलेली भाकरी घेऊन येत. "टाक गं उंदरायले, नही त वाया जाईन." काकू हात जोडत. "नको जाऊबाई. ते घरचं पीठ हाय." शिळी भाकरी परत जाई आणि काकू बाजारातून स्वतःच्या पैशाची तुटकी ज्वारी आणत. जाऊबाई जिना उतरताना बडबडत, "गायीले देईन, पन हिच्या उंदराले चालत नही. उंदीर झाले का महाराज झाले!"

मी हिशेबाची बाई नाही. शाळेत मराठी शिकवते आणि महिनाअखेरीला माझीच भंबेरी उडते. पण काकूंचा धंदा बघायला मला मजा येई. बंद पडलेल्या एका पॉवरलूममधून त्यांनी बॉबिन ठेवायचे लोखंडी रॅक भंगाराच्या भावात उचलले आणि त्यांत सापांचे डबे बसवले. उन्हाळ्यात अंड्यांना ऊब द्यायला त्या वीज वापरत नसत. "बुऱ्हानपूरचं ऊन हाय ना. देवानं लाईट फुकट देल्ली, ती कायले सोडाची?" त्या म्हणत, आणि कुठल्या कोपऱ्यात किती गरम होतं ते थर्मामीटर घेऊन दिवसभर तपासत बसत. फुकट घ्यायला त्यांना चालत असे असं ते एकच ऊन.

अंड्यांतून निघालेली पिलं त्या विकत, पण त्यांची नावं ठेवत नसत. नाव ठेवलं की विकवत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण गिऱ्हाइकाची जी उलटतपासणी चाले ती मुलगी देतानाही कोणी करत नसेल. "घरात कोन कोन हाय? मांजर हाय का? लाईट किती घंटे जाते? आईले मंजूर हाय का? आईलेच फोन दे." एकदा इंदूरच्या एका मुलाची आई फोनवर म्हणाली, आम्हाला यातलं काही माहीतच नाही. काकूंनी त्या आईशी पाऊण तास गप्पा मारल्या, तिच्याकडून लिंबाच्या लोणच्याची कृती घेतली आणि पोराला साप दिला नाही.

थोरली फार मानी होती. थंडीत तिला भूक लागत नसे. उंदीर समोर ठेवला तरी ती तोंड फिरवून बसे, दोन-दोन महिने. मला काळजी वाटायची. काकूंना नाही. "उपास करून राह्यली. करू दे. माह्या सासूनं चातुर्मासात एवढं केलं असतं त सरग मिळाला असता." आणि मग मान हलवून त्या म्हणत, "साप उपाशी राहीन, पन उधार राहनार नही." हे वाक्य मी पुढे वर्गात पोरांना ऐकवलं. कुणाला कळलं नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहिलं.

सगळं असं बरं चाललेलं असताना जावयानं घोटाळा केला.

डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. सकाळी तो जागेवर नव्हता. आम्ही दोघी पलंगाखाली, माळ्यावर, माझ्या चपलांच्या खोक्यात शोधत होतो आणि खाली दुकानात मोठे काका गादीवर तक्क्याला टेकून बुऱ्हाणपुरी थाटात गिऱ्हाइकाला लुगडी दाखवत होते. दुपारी त्यांनी तक्क्या सरळ करायला मागे हात घातला. तक्क्याच्या मागे, त्यांच्या पाठीच्या उबेला, जावई सकाळपासून झोपला होता. दिरांनी मारलेली उडी त्या गल्लीत अजून सांगितली जाते. गिऱ्हाईक लुगडी टाकून पळालं ते पुन्हा त्या दुकानात आलं नाही.

संध्याकाळी मोठे काका काकूंच्या दारात उभे राहिले. आत येत नसत.

"बहू, बहुत झालं. येत्या दिवाळीले हिसाब दे. ही जनावरं सोताच्या कमाईवर जगून राह्यली असतीन त राहू दे. एक रुपयाचाबी खड्डा निघाला त जंगलखात्याले सांगून प्रानीसंग्रहालयात पाठवून देऊ. मंजूर?"

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंजूर, भाऊजी."

मी नंतर त्यांना म्हटलं, एवढ्या पटकन हो कशाला म्हणालात? त्या म्हणाल्या, "माह्याच गोष्टीले मी नही कसं म्हनू?"

थोरलीनं त्या वर्षी उशिरा, जूनमध्ये अंडी घातली. सहा. सहाही पिलं निघाली असती तर दिवाळीची चिंताच नव्हती. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. जी बाजू वर असते तीच शेवटपर्यंत वर ठेवावी लागते, नाहीतर आतलं पिल्लू मरतं. म्हणून वरच्या बाजूला खूण करतात. लोक पेन्सिलीनं करतात. काकूंना त्या वेळी पेन्सिल सापडली नाही, कुंकवाचा करंडा सापडला. त्यांनी सहाही अंड्यांना बोटानं कुंकवाचे टिळे लावले आणि ती उबेच्या पेटीत ठेवली.

मग नागपंचमी आली. काकूंकडे साप आहेत हे आता सगळ्या शनवाऱ्याला ठाऊक होतं. सकाळपासून बायका दूध-लाह्यांची ताटं घेऊन दारात. कुणी उंबऱ्यावर पैसे ठेवतंय, कुणी लेकराला दर्शन घडवा म्हणतंय. एका दिवसात वर्षाचं दाणापाणी निघालं असतं. काकू दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या होत्या.

"बाया हो, हे आफ्रिकेचे हायत. यायले आपली पंचमी लागू नही. दूध पाजलं त मरतीन. घरी जा, नागोबाचं चित्र काढा, त्याले पुजा."

"पैसे तरी घ्या," एक जण म्हणाली.

"कायचे पैसे? यायनं कमावले का?"

उंबऱ्यावरचे पैसे गोळा करून त्यांनी मला राजघाटावरच्या महादेवाच्या पेटीत टाकायला पाठवलं. मी गेले, पण रस्ताभर चरफडत गेले. दिवाळीला खड्डा पडण्याची भीती मला त्यांच्यापेक्षा जास्त वाटत होती.

आणि काकू पुढच्या दारात गर्दी थोपवत असताना मागच्या जिन्यानं मोठ्या जाऊबाई वर आल्या. भावासाठी पंचमीचा उपास होता, हातात पूजेचं ताट होतं. उबेची पेटी उघडून बघतात तर सहा अंडी आणि सहांनाही कुंकू लागलेलं! त्यांना वाटलं, धाकटीनं पूजा सुरू केलीय आणि गर्दीत अर्धवट राहिलीय. देवाचं अर्धं कसं ठेवायचं? त्यांनी हळद वाहिली, लाह्या वाहिल्या आणि सहाही अंड्यांवर पळीपळीनं दूध सोडलं. हात जोडून, भावाला औक्ष मागून, पेटी नीट लावून त्या खाली गेल्या.

दोन दिवसांनी वास आला. काकूंनी पेटी उघडली तेव्हा मी शेजारीच होते. चार अंड्यांवर बुरशी चढली होती. त्या खाली बसल्या. मग मऊ फडक्यानं एकेक अंडं जागच्या जागी, न फिरवता, टिपायला लागल्या.  

जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या रडत आल्या. "माह्यं चुकलं गं. मले वाटलं पूजाच हाय. माह्या हातून जीवहत्या झाली, तेबी पंचमीले."

काकूंनी त्यांना हाताला धरून बाजेवर बसवलं. "जाऊबाई, कुंकू मीच लावलं होतं. कुंकू दिसल्यावर बाईमानूस हात कसा आवरीन? आन तुमी हळद टाकली म्हनून दोन तरी वाचले. नुसतं दूध असतं त एकबी राह्यला नसता."

हळदीनं वाचली की नशिबानं, देव जाणे. पण जाऊबाई त्या दिवशी जेवल्या, आणि ते काकूंच्या त्या वाक्यामुळे. एवढं नुकसान सोसून दुसऱ्याला उभं करणारी बाई माझी घरमालकीण आहे, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

दोन पिलं निघाली. एक साधं. दुसऱ्याच्या अंगावर मात्र पांढरेशुभ्र मोठे पट्टे, जणू कुणी चुन्याचा हात फिरवलाय. असं पिल्लू नशिबानं निघतं आणि त्याला भाव चांगला येतो. भोपाळहून एक पोरगा त्याच्यासाठी मोटार घेऊन आला. मागू ती किंमत द्यायला तयार.

काकूंनी विचारलं, "याचं काय करशीन?"

"आंटी, गले में डालके रील बनाऊँगा. लाखो व्ह्यूज!"

"चहा घे," काकू म्हणाल्या, "आन जा."

मी त्या दिवशी काकूंशी भांडले. दोन्ही साप गेल्यावर तत्त्व घेऊन बसणार आहात का, इथपर्यंत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरी, गळ्यात घालाले माळ मिळते बजारात." पुढे ते पिल्लू नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईकडे गेलं, निम्म्या भावात. तिच्या आईशी काकू फोनवर बोलल्या होत्या.

एवढं होऊनही खड्डा पडणार नव्हता, आणि त्याचं कारण साप नव्हेच. कारण होतं उंदरांची लेंडी. आमच्याकडे केळीच्या खांबापासून धागा काढतात. त्यातला उरलेला चोथा काकू उंदरांच्या पिंजऱ्यात अंथरत. तो घाण झाला की गच्चीवरच्या पिंपात कुजवत. माझी तुळस त्या पिंपाशेजारी होती, तिचं झाड झालं. हे खत रोपवाटिकावाले आनंदानं नेत. सगळ्यात नियमित गिऱ्हाईक होतं देडतलाई गावातलं, केळीच्या रोपांची एक नवी शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीखालची रोपवाटिका. त्यांचा माणूस दर महिन्याला छोटा टेम्पो घेऊन मागच्या गल्लीत यायचा, पैसे मोजून द्यायचा. काकू हसत म्हणत, "साप मालक, उंदीर मजूर. आन कमाई मजुराची."

दिवाळीच्या आठवड्यात तो माणूस शेवटची पोती न्यायला आला. मी आणि काकू पोती शिवत होतो. तो सहज बोलून गेला, "आमचे शेठ लई खूस हायत. यंदा रोपं अशी उठली की बस. तुमच्या खालीच तर दुकान हाय त्यायचं."

काकूंच्या हातातला दाभण थांबला. "खालचं? कपड्याचं?"

"हौ. शेडनेट त्यायचीच हाय ना, भागीदारीत. तुमाले मालूम नही?"

मोठे काका धंद्यातलं घरात बोलत नसत. खत कुठून येतं हे त्यांच्या माणसानं त्यांना सांगितलं नव्हतं, आणि शेडनेट कुणाची हे आम्हाला. टेम्पो गेल्यावर काकू पिंपाच्या कडेवर बसल्या. "मतलब, वर्षभर मी घरचाच पैसा खाऊन राह्यली."

"काकू," मी म्हटलं, "कुणाला कळणार नाही. गप्प राहा."

"मले कळलं ना."

"मग थोरली जाईल. जावई जाईल."

 त्या दिवसापासून त्या सापांना रोज हातात घेऊन बसू लागल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

पाडव्याला सकाळी पूजा आटोपल्यावर मोठे काका गादीवर बसले होते. नवं धोतर, कपाळाला गंध. जाऊबाई दाराशी. मलाही काकूंनी बोलावून घेतलं होतं. काकू गादीसमोर उभ्या राहिल्या आणि तोंडपाठ हिशेब सांगितला: ज्वारी, वीज, औषध, पिलांची विक्री, खताची विक्री. शेवटी म्हणाल्या, "सगळं धरलं त चार पैसे उरतेत, भाऊजी. पन देडतलाईचं खत तुमच्या शेडनेटले गेलं. मले मालूम नव्हतं, आता झालं. तो पैसा घरचा निघाला. तो मी वजा केला. वजा केल्यावर खड्डा हाय." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "तुमी म्हनसान तवा जनावरं न्या."

 जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

मोठ्या काकांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मला वाटलं, आता संपलं.

"वजा केला?" ते ओरडले. "कोनाले पुसून वजा केला?"

"घरातला रुपया..."

"घरातला कसा? मी तुले दान देल्लं का? माल घेतला, दाम देल्ला. चाळीस साल या गादीवर बसून राह्यलो, कोनाले फुकट देल्लं नही आन कोनाचं फुकट घेतलं नही. आज तू पाडव्याले म्हनतेस मी वर्षभर फुकटचं खत घातलं? माह्या गादीची इज्जत हाय का नही?"

काकूंनी मान वर केली.

"जोड तो पैसा," मोठे काका म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जोड."

"जोडला, भाऊजी."

"आता खड्डा हाय?"

"नही."

"मंग बस." त्यांनी तक्क्या पुढे ओढून त्याच्यामागे एकदा नीट बघून घेतलं आणि टेकले. "खत चांगलं हाय पन. पुढच्या साली दुप्पट लागीन."

काकूंनी डोळे पुसले, पदर खोचला, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा दिरांच्या गादीच्या काठावर गिऱ्हाइकासारख्या, नव्हे, व्यापाऱ्यासारख्या बसल्या.

"दुप्पट देईन," त्या म्हणाल्या. "पन भाव वाढला हाय."

"कितीनं?"

काकूंनी आकडा सांगितला. मोठे काका हसले, मान हलवली आणि निम्म्यावर आले. काकू उठायला लागल्या. त्यांनी हातानं "बस बस" केलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "अगं, चहा आन दोन कप. लंबा सौदा दिसून राह्यला."